शुक्रवारी दुपारी ओसाकाची रात्र

आमच्या घरात रात्री दहाला दिवे बंद होतात. प्लांटची बस पहाटे दारात येते, आणि पहाटे उठणाऱ्या माणसाला नाइटलाइफ वगैरे परवडत नाही. सालमियात समुद्राकाठी एक चक्कर, कोपऱ्यावरचा कडक, दाट दुधाचा करक चहा, फार तर मॉलच्या गारव्यात तासभर बसणं, ही आमची चैन. कुवेतमध्ये दारूला बंदी आहे, पण मी आधीपासूनच त्या वाटेला न जाणारा, त्यामुळे माझं काही अडलं नाही. खरं सांगायचं तर रात्री जागणाऱ्या शहरांबद्दल माझ्या मनात जरा आकसच होता. यांना सकाळी कामं नसतात का, असं मला वाटायचं.

तरीही ओसाकातली एक गल्ली माझ्या मनात घर करून बसली आहे.

झालं असं, की आमच्या प्लांटने जपानमधून एक मोठा कॉम्प्रेसर मागवला आणि तो जहाजावर चढण्यापूर्वी तपासायला मला पाठवलं. तिथल्या कंपनीचा जो इंजिनिअर माझ्यासोबत होता, त्याच्या लांबलचक नावापुढे सगळे आदराने 'सान' लावत. मला नाव काही पेलेना, म्हणून मी नुसतं 'सान' म्हणायला लागलो. माणूस माझ्याच वयाचा, पन्नाशीतला, अतिशय नेमका आणि अतिशय अबोल. आठवडाभर आम्ही फक्त बेअरिंगचं तापमान आणि कंपनं याविषयी बोललो. शेवटच्या संध्याकाळी तो म्हणाला, "माझ्या आईचं दुकान आहे. येणार?"

मला वाटलं किराणा असेल.

त्याने मला दोतोनबोरीच्या कालव्याकाठी नेलं आणि मी चक्क रस्त्यात थांबलो. दोन्ही काठांवर इमारतीच्या उंचीच्या पाट्या, सगळ्या पेटलेल्या, आणि त्यांचे लाल-हिरवे-पिवळे रंग खाली पाण्यात हलत होते. एका हॉटेलच्या दर्शनी भागावर खोलीएवढा खेकडा टांगलेला आणि तो पाय हलवत होता. पोरंपोरी हातात कागदी द्रोण घेऊन फुंकर मारत काहीतरी गोल गोल खात होती. दुकानाबाहेर उभी राहिलेली मुलं आपल्या भाजी मंडईत ओरडतात तशी ओरडून गिऱ्हाइकं बोलावत होती. ते गोल गोल काय म्हणून मी डोकावलो तर समोर साक्षात आप्पेपात्र! फक्त आपल्या आप्प्यात असतं खोबरं, आणि त्यांच्यात ऑक्टोपसचा तुकडा. मी तिथेच बायकोला फोन लावला. ती म्हणाली, "मग आप्पे दाखवायला एवढ्या लांब नेलंय का तुम्हाला? घरी या, मी करून घालते." तिचं माहेर चिपळूणचं, कौतुक करायची तिची हीच पद्धत.

कालवा मागे टाकून आम्ही एका गल्लीत शिरलो. ती एवढी अरुंद होती की समोरून छत्री आली तर एकाने आपली मिटायची. एकेका इमारतीत वीस-वीस दुकानं, एकावर एक रचलेली. सानच्या आईचं दुकान दुसऱ्या मजल्यावर होतं. आत एक लाकडी कट्टा, त्याच्यापुढे आठ उंच खुर्च्या, कट्ट्याच्या पलीकडे म्हातारी. पंचाहत्तरी ओलांडलेली, पण केस नीट बसवलेले, ओठांना रंग, कमरेला शुभ्र एप्रन. अशा दुकानाच्या मालकिणीला तिकडे सगळे 'मामा' म्हणतात. मला पहिल्यांदा हसू आलं, मग सवय झाली.

मामांच्या मागे फळीवर बाटल्या होत्या आणि प्रत्येक बाटलीच्या गळ्यात एक छोटी पाटी. नेहमीचं गिऱ्हाईक आपली बाटली विकत घेऊन तिथेच ठेवतं, त्यावर त्याचं नाव लिहितात, आणि पुढच्या वेळी तो आला की तीच त्याच्यापुढे येते. मी पीत नाही हे कळल्यावर मामा क्षणभर विचारात पडल्या. मग त्यांनी एक रिकामी बाटली धुतली, त्यात बार्लीचा थंड चहा भरला आणि पाटीवर मला विचारून विचारून माझं नाव लिहिलं. कुठल्या दुकानात माझं नाव लावून काही ठेवलेलं, असं आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. मी फार खूश झालो. शेजारी एक टायवाला माणूस कट्ट्यावर डोकं टेकून झोपला होता. मामांनी जाता जाता त्याच्या पाठीवर एक पातळ पांघरूण टाकलं आणि माझ्यापुढे मुळ्याची भाजी ठेवली. मग कराओकेचं मशीन सुरू झालं, सान गायला उठला, आणि तो अबोल माणूस असा गायला की मी बघतच राहिलो. शेवटच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून तो लहानपणी गृहपाठ करायचा, हे त्या दिवशी त्याने मला सांगितलं.

पुढे मशीन कुवेतला आलं आणि ते बसवायला सानही आला. कंपनीने त्याला सालमियातच, आमच्यापासून दोन इमारती सोडून, फ्लॅट घेऊन दिला. दर गुरुवारी संध्याकाळी तो आमच्याकडे जेवायला येऊ लागला. वरणभातावर तूप घेताना तो डोळे मिटायचा. आमची मुलगी कुवेतमध्येच वाढलेली, मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी. तिचं आणि त्याचं छान जमलं, कारण दोघंही माझ्या विनोदांना हसत नसत.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी सान जेवला नाही. भात चिवडत बसला. बायकोने विचारलं तेव्हा म्हणाला, "आईची इमारत पाडणार आहेत. पुढच्या शुक्रवारी दुकानाचा शेवटचा दिवस. आणि आपल्या मशीनची चाचणी त्याच आठवड्यात."

चाचणी सोडून त्याला जाता येणार नव्हतं, हे मलाच सगळ्यात जास्त माहीत होतं. मी म्हटलं, "पण तिथे मोठा निरोप समारंभ होईल ना? नेहमीची माणसं येतील."

"तिने कोणालाच सांगितलेलं नाही. तिला निरोप आवडत नाहीत. जुनी माणसं बरीच वारली, काही दूर मुलांकडे गेली. ती एकटीच बसेल, आणि दहा वाजता पाटी बंद करेल." मग तो म्हणाला, "आठ खुर्च्या आहेत. त्या भरलेल्या असाव्यात, एवढंच मला वाटत होतं."

"दॅट्स सो सॅड," मुलगी म्हणाली, आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू ती इमारत मीच पाडत होतो.

रात्रभर मला झोप नाही. सकाळी चहा घेताना सुचलं. तिकडे रात्रीचे नऊ म्हणजे आपल्याकडे दुपारचे तीन. शुक्रवारची सुट्टी. मामांच्या आठ खुर्च्या तिकडे रिकाम्या असतील तर आठ इकडे भरू. आपल्या हॉलमध्ये तसाच कट्टा करायचा, कट्ट्यावर टॅबलेट उभा करायचा, म्हणजे मामांनी पडद्यात बघितलं की कट्ट्यापलीकडे आठ गिऱ्हाइकं.

बायको म्हणाली, "दुपारी तीनला? लोक यायचे नाहीत. यायचे तर वामकुक्षी सोडून कसे येतील?"

"आमरस ठेवू," मी म्हणालो. "आमरसाला नाही म्हणणारा मराठी माणूस अजून जन्माला यायचाय. एक वाजता जेवायला बोलवायचं. तीनपर्यंत आपोआप थांबतात."

"जड जेवण नको हं. मी सांगून ठेवते. चिवडा, सरबत, आप्पे एवढं पुरे."

मी ऐकलं नाही. प्लांटची शटडाउनं आखणारा माणूस मी, मला चार टाळक्यांची दुपार आखता येणार नाही? मी वेळापत्रक केलं. इथल्या मराठी मंडळातले पाच जण सांगितले, सगळे पुण्या-मुंबईचे, सगळे अहमदीत किंवा आसपास तेलकंपन्यांत नोकरी करणारे. सातवा मी, आठवा सान. सहावे खालच्या मजल्यावरचे भाई. भाई रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे, सालमियात त्यांचं दिव्यांचं दुकान. त्यांना बेत सांगितला तर ते ऐकतानाच उठून उभे राहिले.

"तुमी फिकरच करू नका, साहेब. पाटी आमी करतंव. म्हातारीचं दुकान हाय, शोभेल अशी करतंव."

आणि केली. गुरुवारी संध्याकाळी भाई आणि त्यांचा मुनीम प्लायवूडचा कट्टा घेऊन आले, आणि जांभळ्या-गुलाबी दिव्यांची एक पाटी. सानने कागदावर दुकानाचं नाव जपानीत लिहून दिलं होतं, तसंच्या तसं त्यांनी एलईडीच्या पट्टीने वळवलं होतं. आमच्या लिफ्टमध्ये तो कट्टा मावेना, मग तीन मजले जिन्यावरून चढवला. शेजारची इजिप्शियन बाई दार उघडून बघत राहिली. तिला मी सांगायला गेलो की हे जपानी दुकान आहे, तर ती म्हणाली, "मबरूक!", म्हणजे अभिनंदन, आणि तिने दार लावून घेतलं. बायकोने काचेच्या आठ बाटल्यांत कोकम सरबत भरलं, मुलीने आठ पाट्या रंगवून त्यांच्या गळ्यात बांधल्या. सानने स्वतःची पाटी वाचली आणि उगाचच खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. मला फार बरं वाटलं.

शुक्रवारी भाई नमाज आटोपून थेट वर आले. बाकीचे पाचही एकच्या ठोक्याला हजर. आमच्या माणसांनी वेळ पाळली यातच मला काहीतरी गडबड आहे हे कळायला हवं होतं. रत्नागिरी हापूस, विमानाने आलेला, पेट्याच्या पेट्या फोडलेल्या. पुऱ्या टम्म फुगलेल्या. आमच्यातले एक पुणेकर, प्लांटमध्ये ज्यांच्यापुढे मॅनेजरसुद्धा जपून बोलतो असे, त्यांनी वाटी बाजूला सारून ताटातच रस घेतला. भाई म्हणत होते, "आता बस, खलास," आणि वाटी पुढे करत होते. बायको वाढताना माझ्याकडे बघत होती. मी तिकडे बघितलं नाही.

जेवणं आटोपली. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, उन्हाने डांबर मऊ झालेलं. मी जाड पडदे ओढले, हॉलमध्ये काळोख केला, भाईंची पाटी लावली. एसी अठरावर ठेवला, कारण ओसाकात मला गार वाटलं होतं. गुलाबी उजेडात सहाही जण कट्ट्याला टेकून बसले, प्रत्येकापुढे आपापल्या नावाची बाटली. हॉल ओळखू येईना. मी म्हणालो, "बसा असेच. आम्ही आत टॅबलेट जोडून आणतो. पाच मिनिटं."

आतल्या खोलीत वायफायने जरा त्रास दिला. पाच मिनिटांची वीस-पंचवीस झाली. तेवढ्यात टॅबलेट वाजायला लागला. मामांनीच फोन केला होता, सानने कळवलेल्या वेळेच्या आधी. दुकानात कोणीच नसेल तर त्या तरी काय करणार? सान टॅबलेट घेऊन हॉलकडे धावला, मी मागे, आणि तो कट्ट्यावर ठेवताना त्याने बटण दाबलं.

आणि मग मला दिसलं. सहाच्या सहा जण झोपले होते.

नुसते डुलत नव्हते. पुणेकर कट्ट्यावर गाल टेकून, तोंड उघडं टाकून. भाई हाताची घडी घालून भिंतीला. दोघे एकमेकांच्या खांद्यावर. एकाचं घोरणं वरच्या पट्टीत, दुसऱ्याचं खालच्या, आणि मध्ये एसीचा सूर. पडद्यावर मामांचा चेहरा आला होता, आणि त्यांना हे सगळं दिसत होतं.

मी पुणेकरांचा खांदा धरून गदागदा हलवला. "अहो उठा! अहो, सुरू झालं!" त्यांनी माझा हात झटकला आणि कूस बदलायचा प्रयत्न केला. संतापाने माझे कान तापले. एवढा खटाटोप केला, तिकडे म्हातारीचं आयुष्यभराचं दुकान बंद होतंय, आणि हे आमरस पिऊन अजगरासारखे पडलेत! स्वयंपाकघराच्या दारातून बायको बघत होती. जड जेवणाची आठवण तिने करून दिली नाही, याबद्दल मी आजही तिचे उपकार मानतो.

पडद्यातून मामांचा आवाज आला. कुजबुजल्यासारखा. सानने माझा हात धरला. "ती म्हणते, उठवू नका."

मी पडद्याकडे बघितलं. मामांनी ओठांवर बोट ठेवलं होतं. मग त्यांनी विचारलं की ही माणसं किती प्यायली आहेत, आणि सान म्हणाला, "आंबा." मामांनी तोंडावर हात धरला आणि त्या हसू लागल्या. आवाज होऊ नये म्हणून वाकून, कट्टा धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. सानही हसत होता. मला मात्र अजून हसू येत नव्हतं.

मग त्या हळू आवाजात बोलत राहिल्या आणि सान ते तिच्याच शब्दांत माझ्या कानाशी सांगत राहिला. ज्यांना घरी झोप लागत नाही अशी माणसं माझ्याकडे येऊन झोपायची. कामाने पिचलेली, बायकोशी भांडलेली. मी कधी कोणाला उठवलं नाही, शेवटची गाडी चुकली तरी. दुकान असं झोपलेलं दिसलं की मला कळायचं, आजचा दिवस चांगला गेला. किती वर्षांत असं भरलेलं दुकान बघितलं नव्हतं.

मग मामा पुन्हा काहीतरी म्हणाल्या, जरा दटावून. "ती विचारते, यांना पांघरूण का घातलेलं नाही? एवढं गार ठेवलंय."

बायकोने कपाटातून सोलापुरी चादरी काढल्या. तिने आणि मुलीने सहाही जणांच्या पाठीवर एकेक टाकली, आणि तिकडून मामा बोटाने दाखवत होत्या, तो राहिला, त्याचा खांदा उघडा आहे. मुलीने पडद्यापुढे तोंड नेऊन विचारलं, "कॅन वी सी द स्ट्रीट?" सानने सांगितलं. मामा फोन घेऊन जिना उतरल्या. गल्ली दिसली, पण अर्ध्याअधिक पाट्या काळ्या पडलेल्या. मामा चालत राहिल्या, आणि वळणावर एकदम कालवा आला. त्या पेटलेल्या पाट्या, ती गर्दी, ते रंगीत पाणी आमच्या हॉलमधल्या गुलाबी उजेडात सांडलं. मुलगी म्हणाली, "बाबा, किती भारी!" मराठीत म्हणाली. मी पडद्याकडेच बघत राहिलो, तिच्याकडे वळलो असतो तर पुन्हा इंग्रजीवर गेली असती.

दुकानात परत आल्यावर मामांनी फळीवरून एक बाटली काढून दाखवली. गळ्यात माझ्या नावाची पाटी. दोन वर्षांपूर्वीची, अक्षरं जरा फिकट झालेली. त्यांनी त्यात ताजा चहा भरून ठेवला होता. मी इकडे माझी कोकमाची बाटली उचलली, त्यांनी तिकडे ती उचलली. मला आता हसू आलं.

सान कोपऱ्यातल्या आठव्या खुर्चीवर बसला आणि गायला. ओसाकात गायला होता तेच गाणं, पण अगदी हळू, कोणी जागं होऊ नये इतक्या बेताने. मामा ऐकत ऐकत ग्लास धूत होत्या. कट्टा पुसला. एप्रन सोडून घडी घातली. मग त्या वाकल्या, लेकाला आणि झोपलेल्या सहा जणांना नमस्कार केला, आणि हात लांब करून पाटीचं बटण दाबलं. तिकडचा पडदा अंधारला. सान खाली मान घालून बसला.

त्याच वेळी माझ्या शेजारी चादर हलली. पुणेकर उठून बसले. गालावर प्लायवूडच्या रेघा, केस उभे, पूर्ण जागे नाहीत. त्यांनी पाटीकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं आणि विचारलं, "काय हो, दुकान उघडलं का?"

त्यांच्यावर हात उगारायचाच तेवढा बाकी होता. पण सानने मान वर केली आणि अंधाऱ्या पडद्याकडे बघून ते जपानीत सांगितलं. मग मामांचं हसू ऐकू आलं, आणि खट् आवाज झाला. ओसाकातली पाटी पुन्हा लागली.

मामा एप्रन बांधत उजेडात आल्या. केसांवरून हात फिरवला, कट्ट्यावर दोन्ही तळवे टेकले आणि पुणेकरांकडे बघून काहीतरी विचारलं.

"ती विचारते, काय घेणार?" सान म्हणाला.

पुणेकरांनी डोळे चोळले. घड्याळाकडे बघितलं. चार वाजले होते.

"चहा," ते म्हणाले. "थोडं आलं असेल तर बरं."

आणि मामांनी आधण ठेवलं.